मंत्रिमहोदय, धक्क्यावर गोड्या पाण्याचा एक नळ द्या

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढायच्या आणि शाकारायच्या, हे कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. यंदा शाकारण्याआधी सुताराने आमच्या लाकडी होडीच्या तळाचा एक खिळा उपटून माझ्या हातावर ठेवला. डोकं शाबूत, टोक शाबूत, मधे मात्र सुतळीएवढा बारीक. भोकाभोवतीचं लाकूड काळं पडलेलं, अंगठा दाबला तर आत रुतत होता.

पाण्याबाहेर काढली की होडी सुखरूप, असं बाहेरच्यांना वाटतं. पण फळ्यांच्या सांध्यांत, खिळ्यांच्या डोक्यांखाली, सुकाणूच्या बिजागरीत मीठ राहतंच. पावसाळी हवेतली ओल ते ओढून घेतं आणि लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. वरून हवा मोकळी. गंजाला आणखी काय हवं? तळाला ठोकलेलं झिंक पाण्यात असताना स्वतः झिजून जवळचं लोखंड वाचवतं. वाळूवर ते नुसतं शोभेचं. गंज फुगतो, फळी चिरते, आणि ऑगस्टमध्ये होडी पाण्यात उतरली की पाणी आत.

पाऊस मीठ धुऊन नेईल, असं एक साहेब मला म्हणाले. साहेब, होडी झावळ्यांनी आणि प्लॅस्टिकने झाकलेली असते! पाऊस बाहेर राहतो, मीठ आत. फायबरच्या होड्यांना ही भीती नाही, असंही ऐकवतात. त्यांच्या इंजिनाखालचे बोल्ट काय फायबरचे असतात?

उपाय साधा आहे. होडी वर घेतल्याबरोबर आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवायची, तळाची बुचं काढून सुकू द्यायची, मगच शाकारायची. आमच्या होडीला चार-पाच पिंपं पुरतात. पण मे महिन्यात गावात प्यायला टँकर येतो. तिथे होडीसाठी पाणी मागायला तोंड कुठलं? म्हणून लिलावाच्या शेडवर पन्हळी लावा आणि खाली टाकी बांधा. जूनच्या पहिल्या सरींतच ती भरेल. तोवर होड्या उघड्या ठेवायला आम्ही तयार आहोत.

२०२५ मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. मग होडी हे आमचं औत समजा. टाकीचा अर्ज गेल्याच वर्षी दिलाय. पोच माझ्याकडे आहे.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक नौकामालक