हप्ता तोच, पण हप्ते किती?

मा. संपादक,
स. न.

व्याजदर हलले की दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर ठरलेला मथळा येतो. दर चढले तर ‘गृहकर्जाचे हप्ते महागणार’ आणि उतरले तर ‘कर्जदारांना दिलासा’. या मथळ्यांबद्दल मला थोडं बोलायचं आहे. भांडायचं नाही, पण त्यातल्या एका मथळ्याने मला एकदा चांगलंच गाफील ठेवलं होतं.

मी एका लहानशा कार्यालयात पगारपत्रकं करते. या कामात 19 वर्षं गेली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे: पगाराच्या चिठ्ठीवर कपातीच्या रकान्यात दर महिन्याला तोच आकडा असला, की त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. तो जरा बदलला, की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी रांग लागते. ‘ताई, हे एवढे जास्त का कापले?’ दुसऱ्यांना मी हे इतकी वर्षं समजावत आले आणि स्वतःच्या घरी नेमकी तशीच वागले.

आम्ही 2020 मध्ये घरासाठी कर्ज घेतलं. मुदत 20 वर्षं, म्हणजे 240 हप्ते. दर 9 टक्के, तोही बदलता. 2022 मध्ये महागाई आवरण्यासाठी जगभरातल्या मध्यवर्ती बँका एकामागोमाग एक दर वाढवू लागल्या. आपल्या अंकात तो ‘हप्ते महागणार’वाला मथळा मी वाचला आणि पुढचा महिनाभर धास्तावून बसले. हप्त्याची तारीख आली. खात्यातून गेला तो नेहमीचाच आकडा. त्याच्या पुढच्या महिन्यातही तोच. मला वाटलं, सुटलो. सासूबाई तर म्हणाल्याच, ‘हप्ता तोच आहे ना? मग उगाच कशाला जीव काढतेस?’ मलाही ते पटलं. घरखर्चाच्या वहीत हप्त्याची ओळ नेहमीसारखी लिहिली आणि पान उलटलं.

वर्षाच्या शेवटी कर्जखात्याचा उतारा आला. मी तो ठेवणीतल्या फायलीत घालत होते, बघत नव्हते. शेजारी बसलेल्या मुलीने तो ओढून घेतला. तिला तेव्हा शाळेत सरळव्याज-चक्रवाढव्याज चालू होतं, त्यामुळे घरात जिथे म्हणून टक्क्यांचं चिन्ह दिसेल तिथे तिची स्वारी. तिने गेल्या वर्षीचा उतारा काढून दोन्ही शेजारी ठेवले. गेल्या वर्षी ‘उर्वरित हप्ते’ या शब्दांपुढे 228 होते. मध्ये आम्ही बारा भरले, एकही चुकवला नाही. म्हणजे 216 उरायला हवेत. कागदावर होते 266.

‘आई, भरून भरून हप्ते वाढतात का गं?’

मला उत्तर देता येईना. टंकनाची चूक असेल म्हणून मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कर्ज देणाऱ्यांकडे गेले. (कोण ते लिहीत नाही. सगळीकडे थोड्याफार फरकाने असंच चालतं, असं नंतर चार जणांकडून कळलं.) तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, ‘मॅडम, दर एक टक्का वाढला. ग्राहकांवर बोजा नको म्हणून आम्ही हप्ता तोच ठेवतो, मुदत वाढवतो. तुम्हाला मेसेज गेला होता.’ मेसेज खरंच आला होता. ‘परतफेडीच्या मुदतीत आवश्यक तो बदल करण्यात येत आहे’ असं त्याचं वाक्य होतं. त्यात 266 कुठेही नव्हते, पण ते विचारणं माझं काम होतं. ते मी केलं नाही.

मी नवऱ्याला हिशेब सांगितला तो इथेही मांडते, कारण एका टक्क्याने 50 हप्ते वाढतात यावर त्याचाही विश्वास बसला नव्हता. कर्ज 1,000 धरा. दर 9 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता जवळजवळ 9 बसतो. पहिल्या महिन्याचं व्याजच साडेसात. म्हणजे 9 मधले साडेसात व्याजाला आणि दीड मुद्दलाला. दोन वर्षांनी मुद्दल साधारण 961 वर येतं आणि हप्त्यातले सुमारे 1.8 मुद्दलाकडे जायला लागतात. नेमका तेव्हा दर 10 टक्के होतो. आता व्याजच 8 आणि मुद्दलाला उरतो 1. बाहेरून हप्ता अगदी तोच, पण कर्ज फेडणारा भाग जवळपास निम्म्यावर आलेला. मग मुदत लांबेल नाहीतर काय होईल?

आता याची दुसरी बाजू. मुदत 216 वरच ठेवायची असती, तर हप्ता 9 ऐवजी साधारण 9.6 करावा लागला असता. शंभरामागे सात जास्त. महिन्याचे ते जादा 0.6 पुढच्या 216 महिन्यांत मिळून सुमारे 130 होतात. आणि ‘बोजा नको’ म्हणून मागे जोडलेले ते 50 हप्ते? 450. शिवाय ते भरायचे कधी, तर नवऱ्याची निवृत्ती होऊन गेल्यावर, जेव्हा माझ्यासारखी कोणी त्याचं पगारपत्रकच करत नसेल.

आम्ही अर्ज देऊन हप्ता वाढवून घेतला. अर्ज एका पानाचा होता. तो देता येतो हे मात्र तिथे कोणी आपणहून सांगितलं नाही, मीच विचारलं.

प्रश्न होता शंभरामागचे ते सात आणायचे कुठून. इथे आपल्या अर्थविषयक पानाशी माझा दुसरा, जरा जास्त गंभीर मतभेद आहे. त्या पानावर नेहमी सल्ला असतो तो रोजचे बारीकसारीक खर्च टाळण्याचा. मी ते करून पाहिलं. दोन महिने घरात प्रत्येक किरकोळ खर्चावर माझी नजर, आणि सगळ्यांची माझ्यावर. मुलगी पेनाची रिफील मागतानाही ‘आई, रागावणार नसशील तर’ अशी सुरुवात करायला लागली. वाचलं ते हास्यास्पद होतं. ज्या घरात पहिल्या तारखेलाच हप्ता जातो, त्या घरात उधळपट्टीला आधीच फारशी जागा राहिलेली नसते.

मग मी वही घेऊन मागच्या 24 महिन्यांचे आकडे एकाखाली एक लिहिले. महिन्याचा खर्च जवळजवळ सरळ रेषेत होता. उंचवटे दिसले ते पाच: आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता, शाळेची फी, घरपट्टी, गाडीचा विमा आणि इमारतीच्या दुरुस्तीची वर्गणी. यातला एकही अचानक आलेला नव्हता. तारखा ठरलेल्या आणि रकमा साधारण माहीत असलेल्या. तरी दर वर्षी आम्ही दचकायचो आणि त्या महिन्यात क्रेडिट कार्ड पुढे करायचो. मग कार्डाचं बिल पूर्ण भरता यायचं नाही, उरलेल्या रकमेवर व्याज चढायचं, आणि ते व्याज गृहकर्जाच्या व्याजापेक्षा कितीतरी जड. ते उतरेस्तोवर पुढचा उंचवटा दारात उभा.

म्हणजे आमची गळती रोजच्या खर्चात नव्हतीच. ती या पाच तारखांना होती. पाचही रकमांची बेरीज करून तिला बाराने भागलं आणि तेवढी रक्कम पहिल्याच तारखेला वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली. त्या खात्याचं कार्ड मुद्दाम घेतलं नाही. पहिलं वर्ष ओढाताणीचं गेलं, कारण जुनी कार्डाची थकबाकीही फेडायची होती आणि नवं खातंही भरायचं होतं. नवऱ्याने त्या वर्षी दोनदा तरी विचारलं की हे नक्की कशासाठी चाललंय. दुसऱ्या वर्षी कार्डाचं व्याज शून्यावर आलं. शंभरामागचे सात तिथून निघाले, वर थोडे उरलेही.

उरलेले लगेच कर्जात घालावेत, असा माझा पहिला विचार होता. सुरुवातीच्या वर्षांत भरलेला जादा पैसा फार जोरात काम करतो, हे खरंच आहे. वरचंच उदाहरण घ्या: 1,000 च्या कर्जात पहिल्या वर्षाच्या शेवटी 50 जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे 27 हप्ते गळतात. तेच 50 पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरले तर गळतात आठ. अशा कर्जात निम्मं मुद्दल फिटायलाच 14 वर्षं लागतात, तेव्हा सुरुवातीला जेवढं जमेल तेवढं ढकलावं हे गणित कोणालाही पटेल.

माझ्या दिरालाही ते पटलं होतं. त्याचं कर्ज आमच्याच सुमाराचं. पहिल्याच वर्षी त्याने होती नव्हती ती सगळी शिल्लक मुद्दलात भरली आणि आम्हाला फोन करून 27 चा आकडा ऐकवला. जावेने तेव्हाच विचारलं होतं, ‘आणि अडीनडीला?’ सात महिन्यांनी त्याची नोकरी गेली. कर्जात घातलेला पैसा मागून परत मिळत नाही, निदान त्याच्या करारात तरी तशी सोय नव्हती. आणि आधी इतके जादा भरले म्हणून चालू महिन्याचा हप्ता कोणी माफ करत नाही. नवी नोकरी मिळेपर्यंतचे पाच हप्ते त्याने वैयक्तिक कर्ज काढून भरले. त्याचा दर गृहकर्जाच्या दुपटीच्या जवळ होता. तो आता यावर हसतो, जाऊ अजून हसत नाही.

म्हणून आम्ही आधी सहा हप्ते आणि सहा महिन्यांचा घरखर्च एवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत कर्जात एक पैही जादा घातली नाही. त्याला वेळ लागला. कागदावर हा तोटाच आहे, कारण बचत खात्याचं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमी. तो तोटा मी वहीत ‘झोप’ या नावाखाली लिहिते.

त्यानंतर चौथ्या आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी एकेक जादा हप्ता भरला. तेवढ्यासाठी मोठा बोनस लागत नाही. जादा हप्त्याचा बारावा भाग महिन्याला बाजूला पडला की झालं. अगदी सुरुवातीपासून दर वर्षी असा एक हप्ता जास्त भरला आणि दर 9 टक्केच राहिला, तर 20 वर्षांचं कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत संपतं. आम्हाला ही बुद्धी उशिरा झाली. जादा रक्कम भरताना एक मात्र बघावं: फॉर्मवर ‘हप्ता कमी करा’ आणि ‘मुदत कमी करा’ असे दोन चौकोन असतात. काउंटरवरच्या मुलाने सवयीने पहिल्या चौकोनात खूण केली होती. मी ती त्याच्यासमोर खोडून दुसऱ्यात केली आणि पोचपावतीवर ‘मुदत’ हा शब्द लिहून घेतला. दर कायम असलेल्या कर्जात जादा भरण्यावर शुल्क लागू शकतं, तेव्हा करार आधी वाचावा. कंटाळवाणा असतो, मीही दोन बैठकांत वाचला.

आता आपल्याकडे मागणं. दर बदलल्याच्या बातमीत आपण एक चौकट देता: अमुक कर्जावर हप्ता किती वाढणार. त्या चौकटीत आणखी एक रकाना घालता येईल का? हप्ता तोच ठेवला, तर किती हप्ते वाढणार. पहिल्या रकान्यातला आकडा वाचकाच्या खात्यातून जातो की नाही, ते त्याला पुढच्याच महिन्यात कळतं. दुसऱ्या रकान्यातला आकडा त्याला आपणच सांगितला तर कळेल, कारण खात्यात तो कुठे दिसत नाही. आमच्या घरात तो दिसायला वर्ष गेलं आणि तेही सरळव्याजाचा धडा चालू होता म्हणून. आपल्या मथळ्यातही कधीतरी ‘हप्ते महागणार’ऐवजी ‘हप्ते लांबणार’ येऊ द्या. अक्षरं जवळपास तेवढीच बसतात, मी मोजून पाहिली.

आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर आता दर वर्षी दोन आकडे लिहिले जातात, उरलेलं मुद्दल आणि उरलेले हप्ते. हप्त्याची रक्कम तिथे लिहीत नाही. पाचव्या वर्षाच्या शेवटी 180 उरायला हवे होते. उताऱ्यावर 171 आले. मुलीने ते स्वतःच्या हाताने लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

आपली,
एक नियमित वाचक