क्लबचे भाग (शेअर्स) चाहत्यांनाही मिळू द्या

सन्माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमुक फुटबॉल क्लबचे पगार थकले, तमुक क्लबचा मालक बाहेर पडणार, अशा बातम्या क्रीडा पानावर आल्या की मला आमच्या कंपनीचं डेड स्टॉक रजिस्टर आठवतं. मी अकाउंट्समध्ये नोकरीला होतो आणि कंपनीच्या फुटबॉल संघात राइट बॅकला खेळायचो. नव्वदच्या दशकात एका सोमवारी नोटीस बोर्डावर अर्ध्या पानाचा कागद लागला की संघ बंद. कारण, खर्चकपात. दोन दिवसांनी स्टोअरमधून सामानाचा गठ्ठा आला आणि नोंद करायचं काम माझ्याच टेबलावर पडलं. जर्सी २२, पैकी ३ फाटक्या. फुटबॉल ७. पंप १. गोलची जाळी १ जोडी. शेरा, निरुपयोगी. त्या गठ्ठ्यात माझी दोन नंबरची जर्सीही होती. पाठीवरचा आकडा उसवला तेव्हा आईने तो पांढऱ्या दोऱ्याने पुन्हा शिवून दिला होता. तीही मी २२ मध्ये मोजली.

आम्हा खेळाडूंच्या नोकऱ्या टिकल्या. पण रेषेबाहेर उभं राहून आमच्यासाठी घसा फोडणारी नायगाव-परळची माणसं होती, त्यांना कुणी कळवलंसुद्धा नाही. पुढच्या सामन्याला ती नेहमीप्रमाणे परळच्या झेव्हियर्स मैदानावर आली, समोरच्या संघाला पुढे चाल मिळाल्याचं ऐकलं आणि परत गेली. संघ त्यांचा होता असं आम्ही सगळेच म्हणायचो. कागदावर मात्र त्यांचं काहीच नव्हतं.

मुंबईला हे नवीन नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. कंपनीने शालेय फुटबॉलकडे वळायचं ठरवलं आणि तो तिचा अधिकारच होता. पण कूपरेज मैदानाच्या बाकांवर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला त्या निर्णयात बोलायला जागाच नव्हती. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी २०१६-१७ च्या हंगामात आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत तळाला गेला आणि पुढे मिटूनच गेला. सात वर्षं ज्यांनी हा संघ वरच्या गटात टिकवून धरला त्या प्रशिक्षक खालिद जमील यांनी नेमक्या त्याच हंगामात मिझोरमच्या ऐझॉलला विजेतेपद मिळवून दिलं, हे मला अजून बोचतं.

२०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा हंगामच लांबणीवर पडला, कारण अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता. माझा नातू अंधेरीच्या क्रीडा संकुलात मुंबई सिटीचे सामने बघायला जातो. २०२३-२४ ची ट्रॉफी आली तेव्हा घरभर निळा रंग होता. त्याने मला विचारलं, "आजोबा, उद्या यांनी टीम बंद केली तर आपण काय करू शकतो?" खरं उत्तर "काहीच नाही" असं होतं आणि ते मला द्यावं लागलं. म्हणून हे पत्र.

इंग्लंडमध्ये एक्झेटर सिटी नावाचा छोटा क्लब आहे. २००३ मध्ये तो कर्जात बुडाला, लीगमधून बाहेर पडला, तेव्हा चाहत्यांच्या ट्रस्टने त्याचा ताबा घेतला. पैसे जमवले ते थोडे थोडे, वर्गणीने. जानेवारी २००५ मध्ये एफए कप या तिथल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत त्यांची गाठ मँचेस्टर युनायटेडशी पडली. ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० बरोबरी झाली, फेरसामना झाला आणि दोन्ही सामन्यांच्या उत्पन्नातून क्लबच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. क्लब आजही ट्रस्टच्या मालकीचा आहे. युरो २०२४ च्या उपांत्य सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध इंग्लंडचा विजयी गोल करणारा ऑली वॉटकिन्स याच क्लबच्या अकादमीत घडला. जर्मनीत तर क्लबची निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती असावीत असा नियमच आहे, एक-दोन अपवाद सोडले तर. बर्लिनच्या युनियन क्लबचं मैदान २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी श्रमदानाने नव्याने बांधलं. श्रमदान हा शब्द आपल्याला कुणी शिकवायला नको.

उलट उदाहरणही लिहिलं पाहिजे. बेरी हा इंग्लंडमधलाच १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. एका पौंडाला हात बदलला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. शेवटच्या दिवसांत चाहते स्टेडियम झाडायला गेले होते, पुढचा सामना होईल या आशेने. बेरीच्या शेजारचंच गाव रॉचडेल. १८४४ मध्ये तिथे २८ माणसांनी मिळून सहकारी दुकान उघडलं, त्यालाच जग आधुनिक सहकाराची सुरुवात मानतं. ज्या मुलखात सहकार रुजला, तिथल्या चाहत्यांनाही मालकीचा विचार क्लब हातचा गेल्यावर करावा लागला. माझा सगळा आग्रह इथेच आहे. क्लब बुडाल्यावर चाहत्यांना बोलावलं की त्यांच्या पदरात फक्त देणी पडतात. भाग आधी मिळायला हवेत, क्लब बरा चालू असताना.

मी अकरा वर्षं आमच्या कर्मचारी पतपेढीचा खजिनदार होतो. एका वार्षिक सभेत अहवाल वाचून झाला, सगळे जेवणाकडे डोळे लावून बसलेले, तेवढ्यात डिस्पॅचमधला एक शिपाई उठला. सातवीपर्यंत शिकलेला, सभेत कधी न बोललेला. म्हणाला, "पान अकरावर किरकोळ खर्च ४,८६० लिहिलाय. किरकोळ म्हणजे काय?" अध्यक्षांना उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. व्हाउचरं काढायला लागली आणि पुढच्या वर्षी तो खर्च निम्म्यावर आला. त्याचे भाग किती होते? पाचशे रुपयांचे. माझी मालकीची समज त्या प्रश्नापासून सुरू होते. एक सभासद, एक मत, आणि अहवालाचं प्रत्येक पान वाचायचा हक्क.

सहकाराचा पडता काळही मी पाहिला आहे. एका बँकेत माझ्या बहिणीची ठेव अडकली होती, संचालकांनी नातेवाइकांना कर्जं वाटलेली. त्यामुळे चाहते आले की सगळं आपोआप सुधारेल असं मी म्हणणार नाही. चाहत्याला स्ट्रायकर हवा असतो आणि तो उधारीवर आणला तरी चालतो, हेही खरं. इंग्लंडच्या पोर्ट्समथचंच बघा. २००८ चा एफए कप विजेता क्लब, दोनदा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. २०१३ मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने तो वाचवला, दोन हजारांहून अधिक लोकांनी हजार-हजार पौंड घालून. चार वर्षांत संघ चौथ्या श्रेणीचा विजेता झाला. पण जुन्या मैदानाच्या दुरुस्तीला आणि पुढे जायला लागणारं भांडवल त्यांच्याकडे नव्हतं. २०१७ मध्ये सभासदांनी मतदान करून क्लब एका अमेरिकी उद्योजकाला विकला. मी याला अपयश म्हणत नाही. विकायचा की नाही हे त्यांना विचारलं गेलं, मत मोजलं गेलं. आमच्या झेव्हियर्स मैदानावरच्या माणसांना ते कुणीच विचारलं नव्हतं.

सुपर लीगचा संघ चालवायला वर्षाला कोट्यवधी रुपये लागतात, ते वर्गणीतून उभे राहणार नाहीत हे मला कळतं. तिथे माझी मागणी लहान आहे. क्लबचा दहावा हिस्सा चाहत्यांच्या नोंदणीकृत संस्थेसाठी राखून ठेवावा, संचालक मंडळात त्यांचा एक निवडून दिलेला माणूस असावा आणि क्लबचं नाव, रंग किंवा शहर बदलायचं असेल तर त्या संस्थेची संमती घ्यावी लागावी. महासंघ परवाना देताना क्लबचे हिशेब तपासतोच, त्यात ही एक अट घालायला अडचण कसली?

खालच्या पातळीवर मात्र पूर्ण मालकी आजही शक्य आहे. मुंबई फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर आणि कूपरेजवर खेळणारे कितीतरी संघ एखाद्या माणसाच्या खिशावर चालतात. तो माणूस थकला की संघ संपतो. ज्यांच्या नावाने वांद्र्याचं मैदान आहे त्या नेव्हिल डिसोझांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती आणि ते मुंबईच्याच टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत. अशा शहरात पोरांना बूट आणि चेंडू पुरवायला प्रत्येक वॉर्डात दोनशे सभासद मिळू नयेत, हे मला पटत नाही. गृहनिर्माण सोसायटीची सभा आपण दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत घेतो, लेखापरीक्षण करून घेतो, पाण्याच्या टाकीवरून दोन-दोन तास भांडतो. तेवढंच इथे करायचं आहे.

नायगावात आमच्या भागातल्या मुलांचा असाच एक संघ आहे. त्याचा खर्च उचलणारे गृहस्थ आता आजारी असतात. मी आमच्या जुन्या पतपेढीच्या उपविधींची प्रत काढून ठेवली आहे आणि पहिल्या भागाचे हजार रुपयेही बाजूला ठेवले आहेत. ललित कला भवनाच्या जवळ चहाचं दुकान आहे, तिथे दर शनिवारी चारनंतर मी वही घेऊन बसणार आहे. ज्यांना सभासद व्हायचं असेल त्यांनी यावं, आणि येताना किरकोळ खर्चाबद्दल विचारायची तयारी ठेवून यावं.

आपला नियमित वाचक,
नायगाव, दादर (पूर्व), मुंबई