चि. मुक्तास

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच ठेवलास, म्हणून लिहिते आहे. पैशांचा विषय काढणार नाही.

लिमरिक विद्यापीठाच्या आयरिश वर्ल्ड अकॅडमीत, म्हणजे त्यांच्या संगीत-नृत्य विभागात, पीएचडीला प्रवेश मिळाला! बाबांनी ते पत्र देवापुढे ठेवलंय. पण बाळा, प्रवेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. ‘गव्हर्नमेंट ऑफ आयर्लंड’ शिष्यवृत्तीत वर्षाला २५,००० युरो, शुल्कापोटी ५,७५० पर्यंत आणि संशोधनखर्चाला ३,२५० मिळतात. स्वखर्चाने आधी नाव घातलंस, तर पुढे ती मिळूनही उरलेल्या काळापुरतीच मिळेल. आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांचं शुल्क ५,७५० च्या वर जातं. वरचा फरक विद्यापीठ माफ करतं का, ते लेखी विचार. तोंडी ‘बघू’वर राहू नकोस.

आणि या शिष्यवृत्तीला दोनदा नकार आला की तिसऱ्यांदा अर्ज करता येत नाही. म्हणून घाईत एक संधी घालवू नकोस. ‘आयरिश संगीत आणि ओळख’ हा विषय आभाळाएवढा आहे. तिथे १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागला, घरातले नाच हॉलमध्ये गेले आणि केली बँड, म्हणजे पारंपरिक नाचाला साथ करणारे वाद्यवृंद, वाढले. तिथून शोबँडपर्यंत, म्हणजे लोकप्रिय गाणी वाजवणाऱ्या बँडपर्यंत, क्लेअर परगण्यातले वादक कसे गेले, एवढंच धर. डब्लिनच्या पारंपरिक संगीत संग्रहालयात कुठली ध्वनिमुद्रणं ऐकणार ते नावानिशी लिही. म्हाताऱ्या वादकांच्या मुलाखतींना नीतिसमितीची मंजुरी आधी लागते, तिचे महिने वेळापत्रकात धर. जिग ही आयरिश नाचाची चाल म्हणजे काय तेही लिही, परीक्षक सगळे संगीतातले नसतात. सहा मात्रा, तीन-तीन. नंदूकाकांच्या पेटीपाशी बसून तू दादरा बोटांवर मोजायचीस, तेव्हा पाय जमिनीला टेकत नव्हते तुझे.

फार शिकवलं का? माफ कर. तुझा विषय तूच जाणतेस.

एखाद्या प्रकल्पातली जागा निघाली तरी बघ. तिथे पैसे आधीच मंजूर असतात. विषय मात्र त्यांचा असतो. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यात भाडं, शुल्क आणि प्रबंध कसा भागेल? बघ, पुन्हा पैशांवरच आले.

गाइडचा आणि शिफारस करणाऱ्यांचा फॉर्म ते स्वतः ऑनलाइन भरतात. एकाचा जरी राहिला, तरी तुझा अर्ज बाद. मुदत सणासुदीच्या दिवसांत येते आणि तुझी शिफारस करणारे सर तेव्हा गावी असतात. त्यांना खूप आधीच सांग. सांगितलंस की मला एक ओळ टाक.

तुझी,
आई