सनईच्या जागी घंटी का वाजते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र आणि पाठोपाठ लग्नसराई आली की लातूर, धाराशिव, परभणीकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांचे सिंथेसायझर दुरुस्तीच्या दुकानांत दिसू लागतात. त्यातल्या कितीतरी यंत्रांना काहीही झालेलं नसतं, मिडीची, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांना निरोप धाडतात त्या पद्धतीची, मांडणी चुकलेली असते.

एकाच सिंथेसायझरमधून अनेक वाद्यं वाजवायची तर प्रत्येकाला वेगळा चॅनेल द्यावा लागतो. समजा बेस 2, स्ट्रिंग 3, सनई 4. तालवाद्यांना 10, कारण जनरल मिडीत (आवाजांच्या ठरलेल्या क्रमांकांच्या पद्धतीत) तो ड्रमचाच. ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) चुकून 4 वर राहिला की काठीच्या प्रत्येक फटक्याला सनई 'पीं' करते.

सनईचं आणखी एक दुखणं आहे. जनरल मिडीच्या यादीत ती 112 वी. पण काही सॉफ्टवेअर 1 पासून मोजतात, काही 0 पासून. शून्यवाल्यात 112 टाकलं की 113 वा आवाज लागतो, म्हणजे किणकिणती घंटी! तिथे 111 टाकावं.

लॅपटॉप जोडल्यावर यंत्राचा 'लोकल', म्हणजे पट्ट्यांचा आतल्या आवाजाशी थेट दुवा, बंद करावा. नाहीतर दाबलेली पट्टी एकदा आतून वाजते आणि तोच स्वर लॅपटॉपला वळसा घालून पुन्हा येतो. आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो, व्हॉइसही (यंत्र एका वेळी वाजवू शकतं ते आवाज) दुप्पट खर्च होतात. उलट, लॅपटॉप काढल्यावर लोकल बंदच राहिला तर पट्ट्या मुक्या. 'बोर्ड गेला' हे निदान बहुधा इथलंच.

व्हॉइसचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. समजा यंत्र 24 व्हॉइसचं, स्ट्रिंगचा टोन दोन थरांचा, म्हणजे दर स्वराला दोन व्हॉइस. चार बोटांच्या कॉर्डला 8 गेले. पेडल न सोडता दुसरी कॉर्ड धरली की 16. उरलेल्या आठांत बेस, सनई आणि ड्रम कसे मावणार? मग मधूनच बेस गळतो. एकथरी टोन घ्यावा, आणि सोय असेल तर बेसला 2, ड्रमला 6 व्हॉइस राखून ठेवावेत.

मिडीची वायर 15 मीटरच्या आत हवी. वाजवताना ती निसटली की नोट बंद करण्याचा निरोप पोचत नाही आणि स्वर लटकतो. अशा वेळी सगळे स्वर थांबवणारं 'पॅनिक' दाबावं.

दुकानदारांना एकच विनंती: फॅक्टरी रिसेट मारण्याआधी वादकाला त्याचा चॅनेलचा तक्ता विचारा आणि मेमरीची प्रत काढून ठेवा. रिसेटमध्ये त्याने रात्री जागून बसवलेले संबळ-हलगीचे टोन पुसले जातात.

– एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)