बाबा, ती झोपेची गोळी नाही

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा सहज बोलून गेले, "दिवसा नाही घेत मी ती गोळी, उगाच सवय लागेल. रात्री दोन एकदम घेतो. झोप मात्र झकास लागते." पाठोपाठ आई म्हणाली, कंबर धरली होती म्हणून तिनेही त्याच पाकिटातली एक घेऊन पाहिली. तेव्हा मी फारसं काही बोलले नाही. हा विषय घाईत उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा, आणि सगळ्या औषधांची पिशवी समोर घेऊन वाचा.

बाबा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला जी गोळी दिली आहे तिच्या पाकिटावर दोन नावं आहेत: ट्रामाडॉल 37.5 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम. पॅरासिटामॉल तुम्हाला माहीत आहे. ट्रामाडॉल हे मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल यांच्या गोतावळ्यातलं, म्हणजे अफूवर्गातलं, त्यांतलं त्या मानाने सौम्य. तुम्हाला धास्ती आहे ती याच गोतावळ्याच्या नावाची, आणि ती खोटी नाही. पण ज्या गोष्टीला तुम्ही घाबरता आहात तिचा धोका आत्ता कमी आहे, आणि जे बिनधास्त करता आहात त्यात जास्त.

आधी दिवसाच्या गोळीचं बोलू. सांधा बदलल्यानंतरचे पहिले काही आठवडे गुडघा वाकवण्याचे असतात. तेव्हा व्यायाम झाला नाही तर सांधा आखडतो आणि पुढे तो मोकळा करणं फार जड जातं. ही गोळी दिली आहे ती त्या व्यायामासाठी, चालण्यासाठी, जिना चढण्यासाठी. तुम्ही दिवसभर दात-ओठ खाऊन दुखणं सोसता, फिजिओथेरपिस्ट आले की गुडघा पुरता वाकवू देत नाही, आणि मग रात्री दोन गोळ्या घेऊन निजता. म्हणजे औषधाचा उपयोग होतो झोपेला, गुडघ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळांपैकी एक वेळ व्यायामाच्या साधारण तासभर आधी येईल असं त्यांच्याशी बोलून बसवून घ्या. दुखणं शून्यावर यावं अशी अपेक्षा मात्र नको. पाय टाकता यावा, गुडघा वाकवता यावा, कूस बदलता यावी, एवढं झालं तरी गोळीने तिचं काम केलं.

आता रात्रीचं. मला खरी काळजी आहे ती याची. दोन गोळ्या म्हणजे 75 मिलिग्रॅम ट्रामाडॉल. एकटी पाहिली तर ही मात्रा अफाट नाही, काहींना डॉक्टर एका वेळी तेवढी देतातसुद्धा. पण तुम्ही त्याच सुमारास झोपेची क्लोनाझेपामही घेता, कितीतरी वर्षांपासून. शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढू लागला की मेंदूच्या मुळाशी असलेलं केंद्र आपल्याला श्वास घ्यायला लावतं, झोपेतसुद्धा. अफूवर्गातली सगळी औषधं त्या केंद्राची जाणीव बोथट करतात. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या त्यात भर घालतात, दारूही घालते. प्रत्येक औषध आपापल्या मात्रेत ठीक असतं, पण दोन्ही मिळून श्वास इतका मंदावू शकतात की माणूस झोपेतून उठत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2016 मध्ये या दोन्ही प्रकारच्या औषधांच्या माहितीपत्रकावर याबद्दलचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो याच कारणाने.

तुम्ही म्हणाल, मग मध्ये दोन तास जाऊ देतो. त्याने भागत नाही, बाबा. क्लोनाझेपाम शरीरात दिवसभराहून जास्त रेंगाळते. आणि ती तडकाफडकी बंदही करू नका. इतक्या वर्षांनी एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. हा निर्णय डॉक्टरांचाच. माझी शंका अशी आहे की ऑपरेशनच्या वेळी औषधांची यादी देताना ही गोळी सांगायची राहून गेली. रोजची झाली की ती औषधात धरायचीच राहते. तेव्हा उद्याच फोन करून सांगा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत रात्री दोन गोळ्या एकदम घेणं थांबवा. मित्रांबरोबरचा पेलाही या औषधाच्या काळात नको, एकही नको.

शिवाय तुमचं घोरणं. आई कितीदा सांगते, घोरता घोरता मध्येच तुमचा श्वास थांबतो आणि मग दचकल्यासारखा परत सुरू होतो. ही झोपेतल्या श्वासरोधाची खूण असू शकते. तसं असेल तर या औषधांचा धोका आणखी वाढतो. हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आई, हे तूच सांग, बाबा सांगायचे नाहीत.

आई, आता तुझ्यासाठी. तुला बाबांच्या घोरण्याचा प्रत्येक सूर पाठ आहे, म्हणून हे तुलाच सांगते. नेहमीपेक्षा वेगळी, ओली, खोल घरघर ऐकू आली, किंवा श्वासांमधलं अंतर लांबलेलं वाटलं, तर "बरी झोप लागलीये, झोपू दे" म्हणून दिवा मालवू नकोस. घड्याळ धरून मिनिटभर छाती वर-खाली होताना मोज. जागेपणी माणूस मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. झोपेत थोडे कमी होतात. पण 8-10 च्या खाली गेले आणि हाक मारून, खांदा हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची बोटं जोरात घासूनही जाग येत नसेल, तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलाव. ओठ-नखं निळसर किंवा राखाडी पडणं आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, याही त्याच खुणा. सगळ्या एकत्र दिसण्याची वाट पाहू नकोस. श्वास चालू असेल तर त्यांना एका कुशीवर वळव, तोंडात पाणी घालू नकोस, आणि कोणी येईपर्यंत जवळून हलू नकोस. श्वास थांबलाय असं वाटलं तर फोन स्पीकरवर टाक आणि पलीकडचा माणूस सांगेल तसं कर.

यावर उतारा आहे, नॅलोक्सोन नावाचा. नाकात फवारायचाही मिळतो. काही मिनिटांत श्वास परत येतो, पण त्याचा अंमल साधारण 30 ते 90 मिनिटंच टिकतो. अफूवर्गातलं औषध त्याहून जास्त वेळ अंगात राहू शकतं, म्हणून माणूस जागा झाला तरी दवाखान्यात न्यावंच लागतं. ट्रामाडॉलवर त्याचा उपयोग थोडा अपुरा पडतो, तरी बाबांची झोपेची गोळी आणि घोरणं पाहता तो घरात ठेवावा का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि आई, तू घेतलेली ती एक गोळी. तुला वाटलं, बाबांना चालते तर मला का नाही. तू मनाच्या उदासीसाठी सर्ट्रालिन घेतेस ना? ट्रामाडॉल दुखणं कमी करतं ते दोन वाटांनी. एक अफूवर्गाची, आणि दुसरी मेंदूतलं सेरोटोनिन वाढवण्याची. सर्ट्रालिनही सेरोटोनिनच वाढवतं. दोन्ही एकत्र झाली की थरथर, घाम, छातीत धडधड, ताप, गोंधळलेपण असा त्रास होऊ शकतो, फिटही येऊ शकते. एका गोळीने काही झालं नाही हे आपलं भाग्य. दुसरी घेऊ नकोस. तुझ्या कंबरेला तिचा तिचा डॉक्टर दाखवू. कोणी शेजारचं "दे गं एक, गुडघा ठणकतोय" म्हणालं तरी द्यायची नाही, कितीही जीव तुटला तरी. त्या माणसाच्या पिशवीत काय काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

बाबा, सवय लागण्याचं तुम्ही बोललात, ते मी उडवून लावत नाही. इतिहासात दोन्ही बाजूंनी चुका झाल्या आहेत. मॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 1977 पासून, म्हणजे पहिल्या यादीपासून आहे. तरीही भीतीपोटी ते न मिळाल्यामुळे कर्करोगाचे कितीतरी रुग्ण तळमळत गेले. उलट बाजूला, 1980 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात संपादकांना लिहिलेलं एक छोटंसं पत्र छापून आलं. रुग्णालयात अशी औषधं दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढाच त्यातला मजकूर. हे रुग्णालयातल्या, देखरेखीखालच्या माणसांबद्दल होतं. पण पुढे शेकडो लेखांनी त्याचा दाखला दिला आणि महिनोन् महिने घरी गोळ्या घेणाऱ्यांनाही व्यसन लागत नाही, असा समज पसरला. 1996 मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गातल्याच गोळीच्या प्रचारात व्यसनाचा धोका कमी असल्याचं सांगितलं गेलं. 2007 मध्ये ती गोळी विकणाऱ्या कंपनीला न्यायालयात दिशाभुलीचा गुन्हा कबूल करावा लागला. तोवर अमेरिकेत असंख्य घरं उद्ध्वस्त झाली होती. म्हणून मला "डॉक्टरांनी दिलंय ना, मग काय होतंय" हेही पटत नाही आणि "ते अफूचं औषध, हात लावायचा नाही" हेही पटत नाही.

शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही आठवडे रोज घेतलं की शरीर त्या औषधाला धरून चालायला शिकतं. एकदम बंद केलं तर जांभया, नाक गळणं, घाम, अंगावर काटा, जुलाब, पायांची चुळबुळ असं होतं. हे कोणालाही होऊ शकतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात आणि ते टळतं. व्यसनाची चाहूल वेगळी असते: दुखणं ओसरलं तरी पुढच्या गोळीच्या वेळेकडे डोळे लागणं, आकडा लपवणं, एका डॉक्टरांनी नाही म्हटलं की दुसरे गाठणं, आणि दुखण्याऐवजी झोपेसाठी किंवा बरं वाटावं म्हणून घेणं. "झोप झकास लागते" हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला तो या शेवटच्या गोष्टीमुळे. तुम्हाला व्यसन लागलंय असं मी मुळीच म्हणत नाही. पण दुखण्यावरची गोळी झोपेवरची होणं, या वाटेचं पहिलं वळण तेच असतं, आणि तिथून परतणं सगळ्यांत सोपं.

बाकी थोडक्यात. बद्धकोष्ठ होणारच. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत बहुधा कमी होते, बद्धकोष्ठाला मात्र शरीर सरावत नाही. नुसतं इसबगोल पुरत नाही, पाणी कमी पडलं तर उलट अडकतं. आतड्याला चालना देणारं औषध लिहून मागा. लघवीला अडखळतंय का तेही पाहा, प्रोस्टेटमुळे तुम्हाला ते लवकर होईल. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, दिवा लावा, वॉकर धरा. नवा गुडघा घेऊन पडणं परवडणारं नाही. गाडी अजून चालवायची नाही. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा न विचारता तीही घेऊ नका, यकृतावर भार येतो. आणि ही गोळी नको म्हणून दुकानातून दुसरी "साधी" पेनकिलर आणू नका. तुमचं ब्लडप्रेशर आणि किडनी पाहता तीही साधी ठरणार नाही.

गोळ्या टेबलावर ठेवू नका. सुट्टीत मी पिलूला घेऊन येणार आहे, आणि त्याला कपाटं उघडायचा नाद लागलाय. एवढ्या पोराच्या जिवावर बेतायला एक गोळीसुद्धा पुरते. कुलपात ठेवा, किल्ली आईकडे. काम संपल्यावर उरलेल्या "असू द्यात, पुढे लागतील" म्हणून ठेवायच्या नाहीत. औषधवाला परत घेत असेल तर त्याला द्या, नाहीतर मातीत कालवून बंद पिशवीतून कचऱ्यात टाका.

आई, एक वही कर. प्रत्येक गोळीची वेळ लिही, आणि शेजारी बाबांनी त्यानंतर काय केलं ते: किती चालले, गुडघा किती वाकला. डॉक्टरांना तेवढंच दाखवलं तरी गोळ्या कधी उतरवायच्या हे त्यांना ठरवता येईल. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती वही आणि पिशवी घेऊन बसा. बाबा, तोपर्यंत क्लोनाझेपामबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते विचारून ठेवा. फोन लागला नाही तर मला लगेच कळवा, मी इथून लावते.

तुमची,
ताई