अण्णांच्या फियाटला रंग लावू नकोस

सातारा,
18 जानेवारी

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

अण्णांची फियाट पेंटरकडे टाकतोय असं काल तू फोनवर म्हणालास. महिन्याभरात नव्यासारखी करून देतो म्हणाला म्हणे. तेव्हा मी गप्प बसलो, पण रात्री झोप लागेना. हात जोडून सांगतो, तिला रंग लावू नकोस.

दिवाळीत तू गोठ्यातली ताडपत्री ओढलीस तेव्हा मी ड्रायव्हरच्या दाराशी उभा होतो. खिडकीच्या कडेला वीतभर जागेत निळा रंग झिजून खालचा तांबडा प्रायमर दिसतो, तो बघितलास का? डावा हात स्टिअरिंगच्या गिअरवर आणि उजवं कोपर तिथे, असे अण्णा बसायचे. पेंटर आधी तिथेच पॉलिशपेपर घासणार. आपण दोघांनी विहिरीच्या कठड्यावर घातली, तो मागचा पोचाही पुट्टीखाली जाईल. किती मार खाल्ला होता आपण! रंग काय, पुढच्या वर्षीही देता येईल. ती झीज पुन्हा कुठून आणशील?

फ्रान्समधल्या रोजेर बाय्योंच्या गाड्यांबद्दल तुला सांगायचं राहूनच गेलं. ट्रान्सपोर्टचा धंदा करणारा माणूस. संग्रहालय काढायचं म्हणून जुन्या गाड्या गोळा करत गेला. पुढे धंदा बसला, काही गाड्या विकल्या गेल्या, उरलेल्या पत्र्याच्या शेडखाली पडून राहिल्या. 2014 मध्ये जवळजवळ साठ गाड्या सापडल्या. त्यात एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर, एके काळी नट आलँ देलाँकडे असलेली, मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली! फेब्रुवारी 2015 मध्ये पॅरिसला लोकांपुढे त्या धुळीसकट मांडल्या आणि ती फेरारी लिलावात 1 कोटी 63 लाख युरोंना गेली. लोक ‘डुक्कर’ म्हणायचे त्या आपल्या फियाटला कोण एवढे देणार? पण ती धूळ का पुसली नाही, एवढं मला पुरेपूर कळतं.

गाडी चालती करायला मात्र माझी ना नाही. ब्रेकचे सिलेंडर आणि रबरी नळ्या नव्याच टाकायच्या, तिथे जुन्याचं प्रेम नको. वायरिंग उंदरांनी कुरतडलंय, तेही बदलू. जुनं पेट्रोल काढून टाकी धुवू. प्लग काढून चारही सिलेंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडायचं, दोन दिवस मुरू द्यायचं, मग इंजिन हातानेच फिरवून बघायचं. एकदम स्टार्टर मारलास तर अडकलेल्या पिस्टनच्या रिंगा तुटतील. गंज धरलेल्या पत्र्याला आतून तेलाचा हात दिला तरी पुष्कळ झालं.

पेंटरला ॲडव्हान्स दिला असशील तर जाऊ दे, तो मी भरतो. रविवारी पहिल्या एसटीने येतोय. तोवर बॅटरी जोडू नकोस आणि वहिनींना सांग, काच ओल्या फडक्यानेसुद्धा पुसू नका.

तुझा,
सुधीर