कपाटातली खेळणी खाली काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की आमच्याकडे तीन वर्षांच्या लेकरांच्याही गळ्यात टाय दिसतो. दहावी-बारावीच्या गुणांसाठीच्या ‘लातूर पॅटर्न’ची घाई आता थेट नर्सरीत उतरली आहे. लेकराला एबीसीडी कधी येईल, हे सगळे विचारतात. ते स्वतःचं भांडण स्वतः मिटवतं का, हे कुणीच विचारत नाही.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. बऱ्याच ठिकाणी खेळण्यांचा संच आला की कपाटात जातो आणि कुलूप निघतं तपासणीच्या दिवशी. मोडलं तर जाब सेविकेलाच द्यावा लागतो, मग ती तरी काय करणार? आहार, वजन-उंची, घरभेटी, वर ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवरच्या नोंदी आहेतच.

२०२२ च्या पायाभूत स्तराच्या (वय तीन ते आठ) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुक्त, मार्गदर्शित आणि नियोजित असे तिन्ही खेळ आहेत. आपल्याकडे उरतो तिसराच. बाई सांगणार, पोरं टाळ्या वाजवणार.

मुक्त खेळात काय घडतं ते बघा. चार वर्षांची पोरगी कंडक्टर होते, चिंचोके म्हणजे पैसे. एकाला पंढरपूरला जायचंय, पण हिची गाडी परभणीपर्यंतच. वाद होतो, रुसवा होतो. मग तीच म्हणते, “परभणीला उतर, तिथून दुसरी धर.” नियम तिचा, तोडही तिचीच. नेमकं तेव्हाच मोठ्यांनी “नीट बसा रे” म्हणून दटावलं की खेळ संपतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मांडणीत दीड ते तीन हे स्वायत्ततेचं वय आहे आणि त्यानंतर येतं पुढाकाराचं. पहिल्या वयात उठसूट टोकलं तर मूल स्वतःवरच शंका घेऊ लागतं, दुसऱ्यात पुढाकार घेतल्याचंच त्याला अपराधी वाटू लागतं. बाईंनी जवळ जरूर असावं. लेकरानं हाक मारेपर्यंत हात मात्र घालू नये.

खेळण्यांना पैसे नाहीत, हे कारण मला पटत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत (आताचा पालघर जिल्हा) बालवाडी सुरू केली, ती भोवतालच्या वस्तूंवरच चालवली. आपल्याकडे चिंचोके आहेत, सीताफळाच्या बिया आहेत, बैलगाडी करायला ज्वारीची धांडं आहेत. (तीनच्या आतल्यांना बिया देऊ नका, नाकात घालतात.)

तेव्हा प्रशासनानं एवढं करावं : मोडक्या खेळण्यांचा जाब सेविकेला विचारू नये, वेळापत्रकात रोज तासभर मुक्त खेळ ठेवावा, आणि भेटीला येणाऱ्यांनी पोरांना अंक म्हणायला लावण्याआधी दहा मिनिटं कोपऱ्यात गप्प बसून खेळ बघावा.

– एक निवृत्त पर्यवेक्षिका, सेलू (जि. परभणी)